अप्पांचा माळढोक: जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जाऊन आलो त्याची गोष्ट

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं सोलापूर–बार्शी गाडीवर. त्या रस्त्यावर नान्नज लागतं, माळढोक अभयारण्याचं नान्नज. १९८६-८७ च्या सुमारास पहाटेच्या गाडीतून त्यांना खिडकीतून माळढोक पक्षी दिसायचे, ड्रायव्हर काका गाडी जरा हळू घ्यायचे आणि अप्पा तिकिटं फाडता फाडता मोजायचे. घरी येऊन सांगायचे, आज तीन होते, आज एकच होता. मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं मीपण बघितलाय. प्रत्यक्षात मी नान्नजला सात वेळा गेले, काळवीट बघितले, लांडगा एकदा बघितला, माळढोक एकदाही नाही. १९७९ साली हे अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर छाटून १,२२२ वर आलं, आणि पक्षीही कमी कमी होत गेले. आता कधीतरी एखादा दिसल्याची बातमी येते तेवढीच.

अप्पा आता ६९ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत म्हणाले, "आता तिकडं जैसलमेरलाच राहिलेत म्हणं ते." एवढंच. पुढे काही बोलले नाहीत, पण मला कळलं.

हे सगळं लिहितेय कारण जायच्या आधी मला मराठीत काहीच नीट सापडलं नव्हतं. जे सापडत होतं ते सगळं उंट, तंबू आणि डीजे. ज्यांना पक्षी बघायला जायचंय, त्यातून घरातलं वयस्कर माणूस सोबत घेऊन, त्यांच्या कामी यावं म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणून ९ जानेवारीच्या गाडीसाठी १० नोव्हेंबरला सकाळी ८ ला बसले आणि बांद्रा टर्मिनस–जोधपूर सूर्यनगरी एक्स्प्रेसची थर्ड एसीची दोन तिकिटं काढली. ज्येष्ठांची सवलत बंद आहे पण लोअर बर्थ मात्र मागता येतो, तो भरायला विसरू नका. दोघांचं जाऊन-येऊन साधारण ६ हजार झाले. जोधपूरपासून पुढे गाडी ठरवली, एकूण १६ हजार. यात पैसे वाचवता येतील, जोधपूरहून जैसलमेरला रेल्वे आहे, पण मला अप्पांना घेऊन स्टेशनं बदलायची नव्हती आणि वाटेत खीचनला थांबायचं होतं.

इथे माझी एक मोठी चूक झाली ती आधीच सांगते. आम्ही शुक्रवारी, १० तारखेला संध्याकाळी जैसलमेरला पोचणार होतो. पार्कमधल्या सुदासरी भागात जायला वन विभागाच्या जैसलमेरच्या ऑफिसमधून परवानगी घ्यायची असं मला सांगण्यात आलं होतं, आणि राजस्थानात सरकारी ऑफिसं शनिवार-रविवार बंद असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मंगळवारी १४ ला संक्रांत. म्हणजे हातात फक्त सोमवार. हे मला गाडीत बसल्यावर, सुरत गेल्यानंतर लक्षात आलं आणि रात्रभर नीट झोप लागली नाही. तुम्ही जाल तेव्हा मंगळवार-बुधवारी पोचा, आणि निघायच्या आधी ऑफिसला फोन करून नियम विचारून घ्या, ते बदलत असतात.

१० ला पहाटे जोधपूर. थंडी म्हणजे स्टेशनवरच दातावर दात. चहा घेऊन लगेच निघालो, फलोदीपर्यंत सुमारे १४० किलोमीटर, रस्ता चांगला. फलोदीला लागूनच खीचन गाव आहे, तिथे कुरजां येतात, म्हणजे डेमॉइझेल क्रेन, आपला कांड्या करकोचा. सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असतात. गावातल्या जैन मंडळींनी सुरू केलेली दाणे टाकायची पद्धत अजून चालू आहे, त्यासाठी कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. आम्ही पोचेपर्यंत दाणे संपत आलेले, पण गावकऱ्यांनी तळ्याकडे जा म्हणून सांगितलं, आणि तळ्यावर हजारो पक्षी. आवाज दोन गल्ल्या अलीकडून येतो. अप्पा काठाला दगडावर बसले आणि तासभर उठलेच नाहीत. मी मोजायचा प्रयत्न केला, शंभराच्या गठ्ठ्यांनी तीन हजारांपर्यंत गेले आणि तेवढ्यात एक मोठा थवा उठला आणि सगळं मोडलं. खीचनला प्रवेशाची काही कटकट नाही. ज्यांना पार्कची परवानगी मिळाली नाही त्यांचीही ट्रिप एवढ्यावर वसूल होते असं मला मनापासून वाटतं.

पोकरणच्या पुढे गेलं की क्षितिजावर पवनचक्क्या आणि उच्च दाबाच्या तारा सुरू होतात आणि जैसलमेरपर्यंत सोबत करतात. माळढोकाचं आणि या तारांचं काय वैर आहे ते मी वाचलं होतं. हा पक्षी वजनाला १५ किलोपर्यंत जातो, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला कमी दिसतं, उडताना मान खाली जमिनीकडे असते, आणि तार दिसली तरी एवढं जड अंग ऐनवेळी वळवता येत नाही. वाचलेलं वेगळं आणि त्या तारांच्या खालून दीड तास गाडी जाणं वेगळं. अप्पा काही बोलले नाहीत, नुसते वर बघत होते.

संध्याकाळी सहाच्या पुढे जैसलमेर. ऑफिस अर्थातच बंद. हॉटेलचं भाडं १,४०० रुपये रात्रीला, गरम पाण्याची बादली मागितली की मिळायची. जेवून बाहेर आलो तर एका ट्रॅव्हलवाल्याने गाठलं. म्हणाला परमिटबिरमिट काही लागत नाही, मी मागच्या वाटेनं नेतो, गोडावण शंभर टक्के दाखवतो, जीप एकदम जवळ लावतो, ६ हजार द्या. गोडावण म्हणजे माळढोकच, तिकडे तेच नाव. मी खरंच थकले होते आणि सोमवारची धाकधूक होती, त्यामुळे, खोटं कशाला सांगू, क्षणभर विचार केला. अप्पांनी मात्र हिंदीत स्पष्ट सांगितलं, "जीप जवळ लावली की तो उडणार. उडाला की तारा." आणि चालायला लागले. असं कुणी तुम्हाला भेटलं तर कृपा करून नाही म्हणा. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. जगात सगळे मिळून दीडशेच्या आसपास राहिलेत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. त्यात आपल्या एका फोटोसाठी एक जरी पक्षी घाबरून उठला तरी ते फार महाग आहे.

शनिवार-रविवार मोकळे मिळाले म्हणून खुरीला गेलो. जैसलमेरपासून साधारण ४५ किलोमीटर, नैऋत्येला, सम या पर्यटकांच्या गावासारख्याच वाळूच्या टेकड्या पण गर्दी खूप कमी. मातीच्या घरात राहायचं, दोन वेळचं जेवण धरून माणशी १,५००. यजमान सत्तरीचे, अप्पांना बघून "खम्मा घणी" म्हणाले आणि पुढचे दोन दिवस हे दोघं म्हातारे शेकोटीपाशी बसून एकमेकांना आपापल्या दुष्काळांच्या गोष्टी सांगत होते. एक मारवाडीत, एक सोलापुरी हिंदीत. ७२ चा दुष्काळ अप्पांनी लहानपणी बघितलाय, तो विषय निघाल्यावर तर जेवण गार झालं. ताटात बाजरीची रोटी, केर-सांगरी (केरच्या झुडपाची फळं आणि खेजडीच्या शेंगा यांची भाजी), कढी. आम्ही नेलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी त्यांनी इतकी आवडीने खाल्ली की पिशवी तिथेच रिकामी झाली.

रविवारी सकाळी यजमानांच्या पुतण्याला घेऊन मी आठ किलोमीटर चालले, अप्पा अर्ध्या वाटेपर्यंत आले आणि एका खेजडीखाली थांबले. खेजडी म्हणजे आपली शमी. चालण्याबद्दल दोन-तीन गोष्टी सांगते, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातला उगवतो, त्यामुळे आपल्या सवयीने पाचला उठून उपयोग नाही, सातला निघालं तरी पुरतं. टेकडीच्या ज्या अंगाला वारा आदळतो तिथली वाळू घट्ट असते, त्या अंगाने चढायचं. दुसऱ्या अंगाला पाय घोट्यापर्यंत जातो आणि दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. आणि भुरट. हे एक गवत आहे, त्याच्या बोंडाला इतके बारीक आकडे असतात की मोजे, लेस, ओढणी, सगळीकडे चिकटतं आणि बोटांनी काढायला गेलं की बोटांत जातं. पुतण्याने खिशातून केसांचा कंगवा काढला आणि मोज्यांवरून खालून वर असा फिरवला, सगळी बोंडं निघाली. जुना कंगवा सोबत ठेवाच.

पक्षी म्हणाल तर टेकड्यांवर फारसे नसतात, ते टेकड्यांच्या मधल्या खडकाळ सपाटीवर. डेझर्ट व्हीटिअर जवळजवळ प्रत्येक दगडावर एक. चंडोलांचे थवे, त्यातले अर्धे मला ओळखू आले नाहीत. आणि क्रीम-कलर्ड कोर्सर. आपल्याकडे सोलापूरच्या माळावर धाविक दिसतो ना, त्याचाच भाऊ, पण रंग अगदी वाळूचा. चार होते, धावायचे, एकदम थांबायचे, आणि थांबले की दिसेनासे व्हायचे, डोळ्यामागची काळी-पांढरी रेघ तेवढी दिसायची. एक मरुभूमीतला कोल्हा लांबून गेला, शेपटीचं टोक पांढरं. सांडा मात्र नाही, ती काटेरी शेपटीची घोरपडीसारखी दिसणारी पाल. थंडीत ती बिळात असते आणि बिळाचं तोंड आतून मातीने बंद करते. पुतण्याने अशी बंद बिळं दाखवली, त्याने दाखवली नसती तर मी त्यांच्यावरून चालत गेले असते. "बाईसा, बाजू से," असं तो हळूच म्हणायचा.

सोमवार १३ तारीख. ऑफिस उघडायच्या आधी अर्धा तास जाऊन उभी राहिले. अर्ज कोऱ्या कागदावर हिंदीत लिहून नेला होता: नावं, वय, पत्ता, कुठे जायचं, कशासाठी, कोणत्या तारखेला, गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव. सोबत दोघांच्या आधारच्या झेरॉक्स आणि ओरिजिनल, दोन-दोन फोटो. गाडीच्या कागदांची झेरॉक्स मागितली ती नव्हती, ड्रायव्हरभाऊ चौकात जाऊन करून आले, त्यात पाऊण तास गेला, तेवढी आधीच करून ठेवा. ज्या साहेबांची सही लागणार होती ते फील्डवर गेलेले, दुपारनंतर येतील म्हणाले. मी जेवायलाही गेले नाही, न जाणो ते येऊन जातील. अप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. तिथल्या एका शिपाईमामांनी त्यांना विचारलं कुठून आलात, अप्पांनी सोलापूर, नान्नज असं सांगितलं, तर मामांना नान्नज हे नाव माहीत होतं! "वहाँ भी था ना गोडावण." या "था" शब्दाने माझ्या पोटात तुटलं.

साडेतीनला सही झाली. कॅमेरा आहे का, ड्रोन आहे का, हे विचारलं. ड्रोन अजिबात चालत नाही. १४ ला संक्रांत असली तरी पार्कमध्ये गार्ड असतील, सकाळी जा म्हणाले. पार्कचा काही भाग सीमेच्या बाजूला जातो, तिकडे जायचं तर वेगळी परवानगी लागते, आम्हाला तिकडे जायचंच नव्हतं. फक्त ओरिजिनल ओळखपत्र कायम खिशात ठेवा, कुठेही विचारतात. एक अजून, हे नावाला नॅशनल पार्क आहे पण कागदोपत्री अभयारण्य आहे, १९८० पासून, आणि ३,१६२ चौरस किलोमीटरच्या त्या पसाऱ्यात माणसांची गावं, शेळ्या, उंट, शेती सगळं आहे. म्हणून रणथंबोरसारखं मोठं गेट, जिप्सी, नंबर लावणं असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. सुदासरीला तारेचं कुंपण घालून गवत राखलंय, आम्हाला तिथे जायचं होतं.

उरलेल्या उजेडात बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर अकल नावाचं ठिकाण आहे, तिथे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके पडलेत, ते बघून आलो. या वाळवंटात एकेकाळी एवढी मोठी झाडं होती हे हात लावूनही खरं वाटत नाही. अप्पांचे गुडघे दुखत होते, लवकर परतलो.

मंगळवारी पावणेसहाला निघालो. गाडीतला काटा ५ अंश दाखवत होता. मी आत थर्मल, वर स्वेटर, वर जाकीट, आणि जाकीट गडद निळं. गेटवर गार्डने आधी तेच बघितलं. उन्हात लांबून चमकेल म्हणाले आणि स्वतःची खाकी शाल काढून मला दिली, दिवसभर. मला फार ओशाळल्यासारखं झालं. मातकट, खाकी, राखी असेच कपडे न्या. तिकीट काढलं, पावती घेतली, ती बाहेर पडेपर्यंत जपायची. अप्पांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि गार्डच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," असं मराठीतच म्हणाले, मग मी अर्थ सांगितला. गार्ड हसले आणि म्हणाले गोड बोलतो पण खरं सांगतो, दोन दिवसांत दिसलेला नाही.

आत गार्डसोबतच चालायचं, ठरलेल्या वाटेनेच, बोलायचं जवळजवळ नाहीच. सेवण गवताचे गुडघ्याएवढे झुबके, मधे मोकळी वाळू, कुठे केरचं झुडूप, कुठे बोरडी, कुठे रुई. लांबून बघितलं तर अगदी आपला माळ, फक्त जमीन काळी नाही. केरच्या एका झुडपावर स्टोलिच्काज बुशचॅट हा छोटा पक्षी होता, ज्यासाठी जगभरचे लोक इथे येतात. तो खाली उतरला, छाती फुगवून गोळा झाला आणि डावीकडे-उजवीकडे असा डोलत चालला, पुन्हा मूळ आकारात आला, पुन्हा फुगला. पाण्याच्या खेळीपाशी, म्हणजे जनावरांसाठीची पाण्याची टाकी, नऊच्या सुमारास पखुर्डी, म्हणजे सँडग्राउज पक्षी, आल्या, टोळ्या-टोळ्यांनी, पाच मिनिटं पाणी आणि गेल्या. मग गिधाडं. ग्रिफन, आणि एक भलंमोठं काळं सिनेरिअस, पंख अर्धे उघडून ऊन खात बसलेलं. लांब चिंकारा.

मग गार्ड थांबले आणि वाळूकडे बोट केलं. पावलं. तीन बोटं, तीनही पुढे, मागे काहीच नाही. मोराच्या किंवा कोंबडीच्या पावलाला मागचं बोट उमटतं, माळढोकाला ते नसतंच. एकेक पाऊल माझ्या तळहाताएवढं, सरळ रेषेत, घाई नसल्यासारखं अंतर ठेवून, सेवणच्या झुबक्याला वळसा घालून पुढे गेलेलं. कडा अजून तीक्ष्ण होत्या, वाऱ्याने ढासळल्या नव्हत्या, म्हणजे पहाटेची. अप्पा खाली बसले. गुडघे दुखत असताना बसले, आणि पावलाच्या शेजारी, त्याला न लावता, आपला पंजा ठेवून बघितला.

दीडपर्यंत थांबलो, काही नाही. ऊन वर आलं की जमिनीवरची हवा थरथरायला लागते, स्कोपमध्ये, म्हणजे लांबचं बघायच्या दुर्बिणीत, प्रत्येक दगड पक्षी वाटतो, माझ्या तीनदा छातीत धस्स झालं. बाहेर येऊन गाडीत पराठे खाल्ले. अप्पा थकले होते, मी म्हटलं परत जाऊया का, तर म्हणाले, "गाडी सुटायच्या आधी कंडक्टर उतरत नसतो." एक सांगायचं राहिलं, आत चालताना स्वच्छतागृहाची सोय नाही, वयस्कर माणसं थंडीत पाणी प्यायचंच टाळतात आणि मग चक्कर येते. अप्पांना मी तासाने दोन घोट द्यायचे आणि गेटवर परत आलो की लगेच जाऊन या म्हणायचे. फोनला रेंज अधूनमधून जाते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

साडेतीनला गार्ड आम्हाला दुसऱ्या बाजूच्या एका आडोशापाशी घेऊन गेले. मित्राकडून मागून आणलेला स्पॉटिंग स्कोप ट्रायपॉडवर लावला. बसलो. चार वाजले, साडेचार वाजले, थंडी परत सुरू झाली. मला वाटायला लागलं होतं की पावलं दिसली हेच पुष्कळ, आणि मी अप्पांना ते कसं बोलून दाखवायचं याची मनात वाक्यं जुळवत होते.

"ती बघ की," अप्पा म्हणाले.

त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसला होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी. गार्डच्याही आधी. मी विचारलं कुठे, ते म्हणाले, "केरच्या डाव्या अंगाला, मान आहे ती, काठी न्हवं." मी स्कोप फिरवला. सहा-सातशे मीटरवर गवतातून एक पांढरट मान सरळ उभी. वर काळी टोपी. मग ती मान पुढे झाली आणि मागोमाग तपकिरी अंग गवतातून बाहेर आलं, छातीवर काळा पट्टा, म्हणजे नर. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, आजूबाजूला बघायचा, मग दुसरं. मधेच मान खाली घालून काहीतरी टिपायचा. माझ्या डोळ्यांत पाणी येऊन स्कोप धूसर झाला, पुसला, परत बघितला. मग अप्पांना बसवलं स्कोपपाशी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर हळूच म्हणाले, "चाल तीच आहे." त्या नराच्या मागून अजून एक आला, लहान, पट्टा नसलेला, मादी असावी असं गार्ड म्हणाले. चार पन्नासपासून पाच वाजून एक मिनिटापर्यंत, अकरा मिनिटं. मी एकच फोटो काढला, त्यात एक तपकिरी ठिपका आहे. मग दोघंही गवतामागे गेले आणि आम्ही उजेड जायच्या आत उठलो. ते नेमके कुठे होते हे मी इथे लिहीत नाहीये, तुम्हीही दिसले तर नेटवर टाकू नका.

परत येताना गार्डशी थोडं बोलणं झालं. समला २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र आहे, रामदेवराला दुसरं. ती बघायला जायचा विचार करू नका, तो पक्ष्यांना माणसांपासून लांब ठेवायचाच उद्योग आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं, ते सांगताना गार्डचा आवाज बदलला, घरातल्या बाळाबद्दल सांगावं तसा. तारांचं विचारलं. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हटलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून समिती नेमली. दरम्यान काही ठिकाणी तारांवर चकत्या लटकवल्यात, वाऱ्याने फिरणाऱ्या, पक्ष्याला लांबून दिसाव्यात म्हणून. परतीच्या रस्त्यावर अंधार पडेपर्यंत अप्पा खिडकीतून त्या चकत्या मोजत होते. एका लाइनवर होत्या, पुढच्या लाइनवर नव्हत्या.

बुधवारी जैसलमेरहून जोधपूर, संध्याकाळची सूर्यनगरी. खर्चाचं सांगायचं तर गाडी १६ हजार, रेल्वे ६, खुरीच्या दोन रात्री ६, जैसलमेरच्या तीन रात्री ४,२००, बाकी तिकिटं, पुतण्याचे पैसे, खाणंपिणं मिळून साडेचार हजार, म्हणजे दोघांचे ३७ हजारांच्या आत-बाहेर. गाडी अजून दोघांत वाटली तर बरंच खाली येईल.

गाडी सुटल्यावर अप्पांनी ड्रायव्हर काकांना फोन लावला, बार्शीच्या त्या गाडीवरचे, आता पंढरपूरला मुलाकडे असतात. त्यांना ऐकायला कमी येतं म्हणून अप्पा मोठ्याने बोलत होते, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं. "दोन होते... दोन! ...हां, नर आन् मादी. ...नाही ओ, लांब होते, गाडी थांबवली नाही आपण, आपणच थांबलो." मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले आणि म्हणाले, "हां, पुढच्या टायमाला तुम्ही चला."